‘पार्श्वभूमी’ नावाचे प्रकरण : नामांतराचा प्रश्न आणि विद्यापीठाचा समाजशास्त्रीय अभ्यास

मराठी विभागांतून सादर होणाऱ्या प्रबंधांचे पहिले वा दुसरे प्रकरण बहुधा ‘सामाजिक, राजकीय व सांस्कृतिक पार्श्वभूमी’ या नावाचे असते. १९७० नंतरच्या साहित्यावरील प्रबंध असेल तर त्यात आणीबाणी येते, दलित पँथर येते, आणि दोन-तीन वाक्यांत मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचे आंदोलनही येते. त्यानंतर पान उलटते व लेखकाच्या जन्मस्थळाची माहिती सुरू होते. सोळा वर्षे चाललेला, अनेकांचे प्राण घेणारा आणि शेकडो गावांतील माणसांची परस्परांशी असलेली नाती कायमची बदलून टाकणारा प्रश्न ज्या विद्यापीठाच्या नावावरून उभा राहिला, त्या विद्यापीठाच्या, तसेच त्याच्या शेजारच्या विद्यापीठांच्या मराठी संशोधनात त्याला एवढीच जागा मिळावी, ही बाब सहज घडलेली नाही. विद्यापीठ म्हणजे संशोधन जेथे बसून करावयाचे ती जागा, संशोधनाचा विषय नव्हे, असा एक अलिखित संकेत आपल्याकडे रुजला आहे. या संकेताची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न विचारण्याची वेळ केव्हाच येऊन गेली आहे.

प्रथम घटनाक्रम थोडक्यात आठवणे इष्ट. निजामाच्या राजवटीत मराठवाड्यातील विद्यार्थ्याला पदवीसाठी हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाकडे पाहावे लागे, आणि तेथील शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या वतीने औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय या नावाने व त्याचा परिसर नागसेनवन म्हणून ओळखला जाऊ लागला. मराठवाडा विद्यापीठाची स्थापना २३ ऑगस्ट १९५८ ची, म्हणजे त्यानंतर आठ वर्षांनी झालेली. या विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव द्यावे ही मागणी सत्तरच्या दशकात जोर धरू लागली आणि २७ जुलै १९७८ रोजी राज्य विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी नामांतराचा ठराव संमत केला. त्या रात्रीपासूनच मराठवाड्यात दंगली उसळल्या. दलित वस्त्या जाळल्या गेल्या, माणसे गावे सोडून गेली, नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी येथे पोचीराम कांबळे यांना ठार मारण्यात आले. ठरावाची अंमलबजावणी थांबली. ११ नोव्हेंबर १९७९ रोजी जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरच्या दीक्षाभूमीवरून लाँग मार्च निघाला. मोर्चे, सत्याग्रह, तुरुंगवास असे करीत ऐंशीचे दशक सरले. २५ नोव्हेंबर १९९३ रोजी नांदेड येथे गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले. अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ हे नाव अस्तित्वात आले.

विद्यापीठाचे नाव कायद्यात लिहिलेले असते, त्यामुळे ते बदलण्याचा अधिकार विधिमंडळाचा. विद्यापीठाच्या मंडळांनी काहीही म्हटले तरी निर्णय मुंबईतच व्हावयाचा होता. हा तांत्रिक तपशील वाटेल, पण त्यातूनच एक महत्त्वाची गोष्ट दिसते. ज्या संस्थेने समाजाला विचार द्यावयाचा, ती संस्था या सर्व काळात स्वतःच्या नावाविषयी बोलू शकत नव्हती. तिच्याविषयी इतर बोलत होते. आणि ज्यांना बोलता आले असते, म्हणजे तेथील समाजशास्त्र, राज्यशास्त्र व मराठी या विषयांचे अध्यापक, त्यांनी व्यक्ती म्हणून बाजू घेतल्या, मोर्चांत भाग घेतला, पत्रके काढली. परंतु संशोधक म्हणून या घटनेकडे पाहण्याचे काम फारच थोड्यांनी केले. दंगलींचा जो सर्वाधिक उल्लेखिला जाणारा वृत्तान्त आहे तो अत्याचार विरोधी समितीचा. तो १९७९ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली’त, अर्थात इंग्रजीत, प्रसिद्ध झाला. जेथे घरे जळाली त्या मुलखाच्या भाषेत त्या घटनेचे ज्ञान तयार झाले नाही, ते मुंबईच्या साप्ताहिकातून इंग्रजीत वाचावे लागले, यातील विपरीतपणा आपल्या अभ्यासवर्गाला फारसा टोचलेला दिसत नाही.

तत्कालीन विश्लेषणात वाद होता तो मुख्यतः जात की वर्ग असा. गावकीची परंपरागत कामे नाकारणारा, मुलांना शाळेत घालणारा, गायरान जमिनीवर हक्क सांगणारा दलित शेतमजूर आणि आपले वर्चस्व ओसरताना पाहणारा शेतकरी यांच्यातील तणावाने दंगलीला इंधन पुरविले, असे या चर्चेत मांडले गेले. शिकून बेकार राहिलेल्या सवर्ण तरुणाच्या मनात राखीव जागांविषयी असलेला रागही त्यात सांगितला गेला. हे सारे खरे आहे. पण एवढ्याने एक कोडे सुटत नाही. ज्याने विद्यापीठ कधी पाहिले नव्हते आणि ज्याचा मुलगा तेथे जाण्याची शक्यता दूरचीच होती, अशा खेड्यातील माणसाने शंभर-दीडशे मैलांवरच्या एका इमारतीवरील पाटीसाठी शेजाऱ्याच्या घराला आग का लावावी? हितसंबंधांची मांडणी या प्रश्नाच्या उंबरठ्यापर्यंत नेते आणि तेथेच थांबते. पुढे जाण्यासाठी सार्वजनिक म्हणजे काय आणि ते कोणाचे, याविषयी त्या माणसांच्या ज्या कल्पना होत्या, ज्या त्यांना नैतिक वाटत होत्या, त्यांच्याकडे वळावे लागते. मराठवाड्यात त्या काळी सार्वजनिक मालकीची म्हणावी अशी प्रतिष्ठेची गोष्ट जवळजवळ एकच होती, ती म्हणजे विद्यापीठ. तिला बाबासाहेबांचे नाव देणे म्हणजे हे सार्वजनिक धन ज्यांचे कधीच नव्हते त्यांचेही आहे असे जाहीर करणे होते. गावातल्या पाणवठ्यावरचा जुना प्रश्नच येथे दुसऱ्या रूपात उभा राहिला होता.

विरोधकांच्या बाजूकडे पाहताना संशोधनाची खरी कसोटी लागते. हैदराबाद मुक्तिसंग्रामातील काही आदरणीय माणसे नामांतराच्या विरोधात होती. अनंत भालेराव यांच्या संपादकत्वाखालील ‘मराठवाडा’ दैनिकाची भूमिका विरोधाची होती. गोविंदभाई श्रॉफ यांचीही तीच होती. दुसरीकडे एस. एम. जोशी, बाबा आढाव यांच्यासारखे समाजवादी नामांतराच्या बाजूने उभे राहिले. ज्यांनी निजामशाहीविरुद्ध लढून ‘मराठवाडा’ हा शब्द मानाने उच्चारण्याजोगा केला, त्यांना तो शब्द विद्यापीठाच्या नावातून जाणे सहन होत नव्हते. या भावनेला ढोंग म्हणणे सोपे आहे, आणि ते चुकीचे आहे. ती भावना खरी होती. मात्र ती खरी होती म्हणून ती निर्दोष होती असेही नव्हे. ज्या प्रदेशाची अस्मिता सांगितली जात होती त्या प्रदेशात गावकुसाबाहेरचा माणूस धरला होता की नाही, हा प्रश्न त्या मांडणीत विचारलाच गेला नाही. आणि सभ्य भाषेत लिहिलेल्या अग्रलेखातील विरोध व खेड्यातील रॉकेलचा डबा यांच्यात कोणता संबंध होता, काही संबंध होता की नव्हता, हे तपासण्याचे काम तर अद्याप कोणी पूर्णत्वाने केलेले नाही. अग्रलेख उपलब्ध आहेत, वाचकांची पत्रे उपलब्ध आहेत. ते भाषेच्या अभ्यासकाने वाचावयाचे दस्तऐवज आहेत.

मॅक्स वेबर याने १९१७ मध्ये म्युनिक येथील व्याख्यानात अध्यापकाने वर्गात आपली राजकीय मते विद्यार्थ्यांवर लादू नयेत असा आग्रह धरला होता. आपल्याकडे या मताचा सोयीस्कर अर्थ केला गेला : मते लादू नयेत, म्हणून विषयच टाळावा. वेबरला हे अभिप्रेत नव्हते. अध्यापकाने विद्यार्थ्याला त्याच्या स्वतःच्या पक्षाला गैरसोयीची ठरणारी तथ्ये ओळखावयास शिकवावे, अशी त्याची अपेक्षा होती. नामांतराच्या संदर्भात अशी गैरसोयीची तथ्ये दोन्ही बाजूंना आहेत. ठरावाच्या विरोधकांच्या गाठी ती अधिक व अधिक जड आहेत, हे मान्य करूनही, आंदोलनातील गटबाजी, नेतृत्वाची चढाओढ, सत्तेच्या राजकारणाशी झालेल्या तडजोडी यांविषयी मौन पाळणे हे आंदोलनावरील प्रेमाचे लक्षण मानले जाते, तेही योग्य नाही.

येथे मराठीच्या अभ्यासकाला समाजशास्त्रज्ञापेक्षा अधिक काही करता येण्यासारखे आहे, ते शब्दांच्या बाबतीत. ‘अस्मिता’ हा एकच शब्द घ्यावा. साठच्या दशकाच्या अखेरीस औरंगाबादेतूनच, नागसेनवनाशी नाते असलेल्या गंगाधर पानतावणे यांनी ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक चालविले आणि दलित साहित्याला हक्काचे व्यासपीठ मिळाले. तेथे अस्मिता म्हणजे नाकारलेल्या माणसाने स्वतःला दिलेली ओळख. दहा-बारा वर्षांनी त्याच शहरात ‘मराठवाड्याची अस्मिता’ हा नामांतरविरोधाचा परवलीचा शब्द झाला. एक शब्द, एक शहर, एकच दशक, आणि दोन परस्परविरोधी आशय. हा शब्द एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे कसा गेला, कोणाच्या लेखणीतून गेला, की तो दोन स्वतंत्र वाटांनी आला, याचा मागोवा घेणारा एक प्रबंध दहा ‘समाजदर्शन’ प्रबंधांपेक्षा मोलाचा ठरेल.

तीच गोष्ट ‘नामांतर’ आणि ‘नामविस्तार’ या जोडीची. संस्कृतात ‘अंतर’ म्हणजे दुसरे. नामांतर म्हणजे दुसरे नाव. मराठी कानाला मात्र ‘अंतर’ म्हणजे दुरावा, आणि सोळा वर्षे हा शब्द त्या अर्थानेही ऐकला गेला असावा. १९९४ मध्ये जे झाले त्याला ‘नामविस्तार’ म्हटले गेले. दुसरे नाव नव्हे, आहे त्या नावाचे वाढणे. राजकीय समेट एका सामासिक शब्दात घडवून आणण्याचे हे कौशल्य लक्षणीय आहे. कोणीच हरले नाही असे त्यातून सुचविले जाते. पण ज्यांनी ‘नामांतर’ म्हणून घोषणा दिल्या, तुरुंग भोगला, त्यांच्यापैकी अनेकजण आजही ‘विस्तार’ हा शब्द उच्चारताना किंचित थांबतात, तर काहीजण तो वापरतच नाहीत. आणि विद्यार्थ्यांच्या रोजच्या बोलण्यात तर इंग्रजी आद्याक्षरांवरून आलेले ‘बामू’ हेच नाव चालते. ज्या दोन नावांसाठी एवढे घडले त्यांपैकी एकही त्यात ऐकू येत नाही. खुद्द शहराचेही नाव २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर असे झाले आहे. नावांच्या राजकारणाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याला अशी प्रयोगशाळा अन्यत्र सापडणे कठीण.

साहित्यकृतींनी या जगाविषयी काय नोंदविले आहे, हे पाहण्यासारखे आहे. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ चे, म्हणजे ठरावाच्याच वर्षाचे. प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’ त्यानंतरच्या वर्षाचे. ते मराठवाड्यातील खेड्यातून शिक्षणाच्या वाटेने निघालेल्या मुलाचे आत्मकथन असल्याने या चर्चेत त्याचे स्थान विशेष आहे. भूक, उष्टे-पाष्टे आणि वह्या-पुस्तके यांच्या ज्या जगातून महाविद्यालयाकडे जाणारा हा मार्ग निघतो, ते जग समजल्याखेरीज विद्यापीठाच्या नावाला एवढी माणसे प्राणपणाने का चिकटली हे कळत नाही. याच सुमारास भालचंद्र नेमाडे यांच्या चांगदेव पाटील या प्राध्यापकाभोवती फिरणाऱ्या कादंबऱ्या प्रसिद्ध होत होत्या. त्यांतील ‘जरीला’ १९७७ ची आणि ‘झूल’ १९७९ ची. संस्थाचालक, प्राचार्य, नेमणुका, स्टाफरूममधील जातवार टोळकी, परीक्षांच्या वेळचे व्यवहार यांचे जे दर्शन तेथे घडते ते कोणत्याही प्रश्नावलीच्या हाती लागणार नाही. कादंबरी हा पुरावा नव्हे, हे खरे; चांगदेवची नजर ही एका विशिष्ट माणसाची, पुष्कळदा त्रासलेली नजर आहे. तरीही स्टाफरूममध्ये काय बोलले जाते हे कादंबरीकाराला माहीत असते आणि समाजशास्त्रज्ञ आत आला की तेथे लोक बोलणे बदलतात. हा फरक लहान नाही. दुर्दैवाने या कादंबऱ्यांवरील आपली समीक्षा शैली, देशीयता, अस्तित्ववाद यांतच अडकून पडली. महाविद्यालय नावाच्या संस्थेचे जे चित्र तेथे आहे त्याकडे महाविद्यालयातच नोकरी करणाऱ्या समीक्षकांनी दुर्लक्ष करावे, याचे कारण वाङ्मयीन नसावे.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू याने १९८४ मध्ये ‘होमो अकॅडेमिकस’ हा ग्रंथ लिहून आपल्याच विद्यापीठीय जगाचा, त्यातील पदांचा, प्रतिष्ठेचा आणि १९६८ च्या विद्यार्थी-उठावाच्या वेळी कोण कोठे उभा राहिला याचा अभ्यास केला. ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणाचे शीर्षक ‘जाळून टाकावयाचे पुस्तक?’ अशा अर्थाचे आहे. आपल्याच माणसांविषयी लिहिणाऱ्याला ती माणसे काय करतील, याची त्याला जाणीव होती. पण बोर्द्यूला पॅरिसमध्ये स्वतःचे स्थान होते, कायम नोकरी होती. आपल्याकडे संशोधन करणारा कोण असतो? मार्गदर्शकाच्या सहीवर अवलंबून असलेला विद्यार्थी, अथवा तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे शिकवणारा, कायम नेमणुकीची वाट पाहणारा तरुण. त्याने आपल्याच संस्थेच्या नेमणुकांतील जातीय गणित, संस्थाचालकाचा पक्ष, अधिसभेच्या निवडणुकीतील गट यांविषयी प्रबंध लिहावा, ही अपेक्षा कागदावर शोभते. २०१० पासून विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनी संशोधनाचे गुणांकन सुरू झाले. निबंध किती, चर्चासत्रे किती, यांची बेरीज बढतीला लागू लागली. त्यातून लेखांची संख्या वाढली. धोक्याचे विषय मात्र वाढले नाहीत. वाढणारही नव्हते, कारण ‘संतसाहित्यातील मानवतावाद’ आणि ‘जिल्ह्यातील शिक्षणसंस्थांचे सत्ताकारण’ या दोहोंना गुण सारखेच मिळतात.

आणखी एक योगायोग नोंदविण्यासारखा आहे. ज्या १९९४ सालाच्या आरंभी नामविस्तार झाला, त्याच वर्षी महाराष्ट्र विद्यापीठ कायदा आला व त्याने विद्यार्थी प्रतिनिधींच्या खुल्या निवडणुकांऐवजी गुणवत्तेनुसार निवडीची पद्धत रूढ केली. त्यामागे निवडणुकांतील हिंसाचाराचे वास्तव कारण होते, ते नाकारता येत नाही. पण परिणाम असा झाला, की विद्यापीठाच्या दारातून एक मोठा राजकीय संघर्ष मिटून बाहेर पडत असतानाच आतील विद्यार्थ्याच्या हातून मतपत्रिकाही गेली. २०१६ च्या कायद्याने खुल्या निवडणुकीची तरतूद पुन्हा आणली. मधल्या बावीस वर्षांत विद्यापीठातून शिकून गेलेल्या पिढीने सार्वजनिक जीवनाचे प्राथमिक शिक्षण कोठे घेतले, कोणत्या मंडळांत, कोणत्या जयंती-उत्सवांत, कोणत्या नेत्याच्या वाढदिवसाच्या फलकावर, हा समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने हाती घ्यावा असा विषय आहे.

नामांतराच्या अभ्यासाला आता काळाची मर्यादा पडली आहे. १९७८ मध्ये जो वीस वर्षांचा होता तो आज सत्तरीच्या घरात आहे. विधिमंडळातील भाषणे छापील स्वरूपात राहतील, वृत्तपत्रांच्या फायली कोठे ना कोठे राहतील. भिंतींवरच्या घोषणा, जलशांत गायिलेली गाणी, सायक्लोस्टाइल केलेली पत्रके आणि माणसांच्या आठवणी राहणार नाहीत. त्या गोळा करणे हे मराठी विभागांचे काम आहे, कारण बोलीभाषेतील निवेदन ऐकण्याची, त्यातील अडखळणे व गाळलेले शब्द ओळखण्याची शिस्त आपल्याकडे आहे, किंवा असावयास हवी.

मात्र त्या कामात एक नैतिक अडचण आहे आणि तिच्यावर तयार उत्तर नाही. समाजशास्त्राच्या क्षेत्राभ्यासात गावाचे व माणसांचे खरे नाव लपविण्याची रीत आहे. ‘क्ष’ गाव, ‘अ’ निवेदक. ती माहिती देणाऱ्याच्या संरक्षणासाठी आहे आणि मराठवाड्यात तिची गरज खरीखुरी आहे. ज्याचे घर जळाले तो आणि ज्याने जाळले तो, दोघांची नातवंडे आज एकाच शाळेत जात असतील. परंतु हे आंदोलनच मुळी नावासाठी होते. मेलेल्यांची नावे घेणे, गावांची नावे घेणे, हीच तेथील स्मरणाची पद्धत आहे. टेंभुर्णीला ‘क्ष’ म्हणावयाचे काय? पोचीराम कांबळे यांच्या नावाऐवजी एक शेतमजूर असे लिहावयाचे काय? लपविलेल्या नावांनी ज्याला संरक्षण मिळते तो पुष्कळदा अपराधी असतो, आणि उघड केलेल्या नावांनी ज्याला धोका पोहोचतो तो पुष्कळदा साक्षीदार. बळी गेलेल्यांची नावे लिहावीत, साक्ष देणाऱ्याला स्वतःच्या नावाचा निर्णय स्वतः करू द्यावा, आणि न्यायालयाने दोषी न ठरविलेल्या कोणाचेही नाव ऐकीव माहितीवर छापू नये, एवढे तरी किमान पथ्य ठरविता येईल. त्यापुढील निर्णय प्रत्येक गावात वेगळा घ्यावा लागेल.

दरवर्षी १४ जानेवारीला विद्यापीठाच्या प्रवेशद्वारासमोर दूरदूरच्या गावांतून माणसे येतात. म्हाताऱ्या बाया असतात, कडेवर मुले असतात, ज्यांनी महाविद्यालयाचे तोंड पाहिले नाही अशी पुष्कळ असतात. ती कमानीला हात जोडतात, शहिदांना अभिवादन करतात आणि परत जातात. संक्रांतीची ती दुपार संशोधकासाठी मोकळी असते. कोणत्या गावाहून आलात, तेव्हा गावात काय घडले, आत कधी गेला आहात काय, या तीन प्रश्नांपासून आरंभ करता येईल.